आजीचे ओठ हलतात, आवाज सिनेमाचा येतो: लग्नाचं शूटिंग, हार्ड डिस्क आणि धुळ्याचे राजवाडे

आजचा एपिसोड हार्ड डिस्कचा आहे, पण सुरुवात एका लग्नापासून करतो.

२००६ साली अमळनेरजवळच्या आमच्या गावात आत्याचं लग्न झालं. हळदीला आजी अहिराणी गाणी म्हणत होती आणि शूटिंगवाला समोरच उभा होता. आज ती डीव्हीडी लावली की आजी दिसते, तिचे ओठ हलतात, पण ऐकू येतं ते हिंदी सिनेमाचं गाणं. एडिटिंग करताना मूळ आवाज बंद करून वरून गाणं टाकलेलं. आजी गेल्यावर मी त्या स्टुडिओत गेलो आणि विचारलं, मूळ शूटिंग मिळेल का? उत्तर मिळालं, कॅसेट पुढच्या लग्नाला वापरली आणि डिस्क तर कधीच उडाली.

राग आला. पण नंतर त्या काळाचं गणित मांडलं, तेव्हा लक्षात आलं की असं घराघरात झालं असणार.

त्याआधी एडिटिंग म्हणजे दोन व्हीसीआर. एकावर कॅसेट चालवायची, दुसऱ्यावर हवं तेवढं उतरवायचं. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने तासाभरावर मालेगाव. तिथे नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला, तो असल्याच व्हिडिओच्या जमान्यात. व्हीसीआरवर प्रत्येक कॉपीत चित्र फिकं व्हायचं, पण मूळ कॅसेट हातात राहायची.

मग कॉम्प्युटर आला. मिनीडीव्ही कॅसेटचं एक तासाचं शूटिंग म्हणजे साधारण १३ जीबी. लग्नाच्या तीन कॅसेट म्हणजे जवळपास ४० जीबी, आणि तेव्हा ८० जीबीची डिस्क म्हणजे चैन! शिवाय डिस्क फॅट३२ पद्धतीची असेल तर एक फाइल ४ जीबीच्या वर जायची नाही, म्हणजे जेमतेम वीस मिनिटं. त्यामुळे काम झालं की मूळ शूटिंग पुसायचं, कॅसेट परत कॅमेऱ्यात.

आता डिस्कच्या आत डोकावू. चकती फिरते आणि एक दांडी तिच्यावर पुढेमागे पळून डेटा वाचते. एका जागेवरून दुसरीकडे जाऊन वाचायला तिला दहा-बारा मिलिसेकंद लागतात. व्हिडिओत सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एका फ्रेमला मिळतात फक्त ४०. विंडोज, मूळ शूटिंग, तात्पुरत्या फाइली आणि तयार होणारा व्हिडिओ हे सगळं एकाच डिस्कवर असेल, तर ती बिचारी दांडी लग्नघरातल्या एकुलत्या एक वाढप्यासारखी धावते. चित्र अडकतं, फ्रेम गळतात.

बरेच जण यावर ‘डी ड्राइव्ह’ करायचे. पण सी आणि डी ही एकाच डिस्कवर मारलेली रेघ असते. दांडी तीच, डिस्क गेली की दोन्ही जातात. खरा उपाय म्हणजे वेगळ्या डिस्क: एकीवर विंडोज, दुसरीवर मूळ शूटिंग, तिसरीवर तात्पुरतं आणि तयार काम. जुन्या आयडीई केबलवर दोन डिस्क लावल्या तर त्या आळीपाळीनेच बोलायच्या, म्हणून केबलसुद्धा वेगळी.

त्यात आपला खानदेश! मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे आणि तेव्हाचं लोडशेडिंग. एव्हीआय फाइलची सूची शेवटी लिहिली जाते. रेकॉर्डिंगच्या मध्येच वीज गेली की सूची राहून जायची आणि तासाभराची फाइल उघडायचीच नाही.

आता गंमत ऐका. याचं उत्तर धुळ्यात शंभर वर्षांपासून आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून जुनी दप्तरं गोळा करायचे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली आला, पुढे एकूण २२ खंड झाले. छापील खंड झाले म्हणून अस्सल कागदांची किंमत संपत नाही. उद्या कुणाला वेगळा प्रश्न पडला, तर उत्तर मूळ कागदातच शोधावं लागतं. १९२६ च्या ३१ डिसेंबरला राजवाडे धुळ्यातच गेले. पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं आणि त्यांचा संग्रह जपला गेला.

मूळ शूटिंग म्हणजे अस्सल कागद. एडिट केलेला व्हिडिओ म्हणजे छापील खंड. आमच्याकडे फक्त खंड उरला, तोही गाणं चिकटवलेला.

आज एसएसडी आहे, दांडीची पळापळ संपली. पण एसएसडी जाते तेव्हा बऱ्याचदा आधी कुरकुरसुद्धा करत नाही. म्हणून पीटर क्रोग या फोटोग्राफरने लोकप्रिय केलेला नियम धरा: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. आणि दोन डिस्कवर आपोआप सारखंच लिहिणारं रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून एक फाइल पुसली की ती दोन्हीकडून जाते.

गेल्या दिवाळीत आत्याला समोर बसवलं. आजीची जेवढी गाणी तिला आठवली, तेवढी रेकॉर्ड केली. दोन-तीन ठिकाणी ती अडली, हसली, मग डोळे पुसले. ते काहीच कापलं नाही. मूळ फाइल एका डिस्कवर आहे, तिला हात लावायचा नाही. एक प्रत जळगावला बहिणीकडे, एक क्लाउडवर. एडिटिंग वेगळ्या डिस्कवर.

तुमच्या फोनमध्येही घरातल्या कुणाचा तरी आवाज असेल. तो किती ठिकाणी आहे, आज रात्री मोजा. एकाच ठिकाणी असेल, तर पुढचा एपिसोड नंतर ऐका, आधी कॉपी करा.