शब्दांच्या जोड्या आणि शाळेचे दार

वाचकहो, भिवंडीच्या यंत्रमागांच्या वस्तीत दोन माणसांना बोलायचे झाले, तर आवाज चढवूनच बोलावे लागते. मागांचा खडखडाट दिवसपाळीला असतो तसाच रातपाळीलाही असतो. अशा वस्तीतल्या एखाद्या घरात दहा-अकरा वर्षांचे पोर पुस्तक उघडून बसते आणि घोकू लागते : उदय – अस्त, कृतज्ञ – कृतघ्न, सुतार : करवत :: शिंपी : काय? सैनिक शाळेच्या सहावीच्या प्रवेशाची, नाही तर शिष्यवृत्तीची तयारी चाललेली असते. ही शब्दांची कोडी त्या पोराच्या वाट्याला आली तरी कोठून, आणि ती सोडवायची रीत काय, याची हकीकत आज आपल्यापुढे मांडायची आहे.

दोन गोष्टींतले साम्य पाहून तिसरी ओळखायची, ही युक्ती फार जुनी आहे. आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधने सांगितली आहेत, त्यांतले एक उपमान. गवय नावाचा रानातला पशू ज्याने कधी पाहिला नाही, त्याला कोणी सांगतो की तो गाईसारखा असतो. पुढे रानात तसा पशू दिसताच तो माणूस ओळखतो, की हाच तो गवय! तिकडे ग्रीस देशात ॲरिस्टॉटलने आणखी एक पाऊल टाकले. वस्तू वस्तूसारखी नसेना का, नाते नात्यासारखे असू शकते, हे त्याने दाखवले. दिवसाला जशी संध्याकाळ, तसे आयुष्याला म्हातारपण. आपण मराठीत ‘आयुष्याची संध्याकाळ’ म्हणतो, तेव्हा याच चार पदांतले एक पद गाळून बोलत असतो. परीक्षेतला समसंबंधाचा प्रश्न म्हणजे हेच गाळलेले पद शोधणे.

मग हे तत्त्वज्ञान पोरांच्या प्रश्नपत्रिकेत कसे शिरले? १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी मुलांच्या बुद्धीची मोजपट्टी तयार केली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना वेळीच ओळखून त्यांना वेगळे शिक्षण द्यावे, हा तिचा हेतू. पुढे पहिले महायुद्ध आले. अमेरिकेने १९१७ साली सैन्यात भरती झालेल्यांसाठी ‘आर्मी अल्फा’ नावाची लेखी चाचणी काढली. तिच्या आठ भागांपैकी एकात समानार्थी-विरुद्धार्थी शब्द होते, दुसऱ्यात समसंबंध. लक्षावधी जवानांनी ती सोडवली. ज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी चित्रांची निराळी चाचणी करावी लागली. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती कामाची आहे.

याच सुमारास इंग्लंडात एक मोठी बोलकी गोष्ट घडली. नॉर्थम्बरलंड परगण्यातल्या कित्येक खेडेगावच्या शाळांतून शिष्यवृत्तीच्या परीक्षेला एकही मूल बसत नसे. त्या शाळांत हुशार मुलेच नाहीत, असे कसे असेल? ती शोधून काढण्यासाठी १९२१ च्या सुमारास गॉडफ्रे थॉमसन या शिक्षणशास्त्रज्ञाने नव्या पद्धतीच्या चाचण्या तयार केल्या. म्हणजे पाहा, ज्या प्रश्नांची आज आपल्या पोरांना धास्ती वाटते, ते प्रश्न एके काळी गरिबाच्या पोरासाठी शाळेचे दार किलकिले करायला निघाले होते.

पण शब्द ही मोठी लबाड वस्तू आहे. अमेरिकेत कार्ल ब्रिगम या मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली सैन्यातल्या चाचण्यांचे आकडे घेऊन, अमुक देशाचे लोक बुद्धीने कमी, असे पुस्तकच लिहिले. १९२६ साली महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी जी ‘सॅट’ परीक्षा सुरू झाली, तीही त्याच्याच देखरेखीखाली. पण १९३० साली त्याने आपले जुने निष्कर्ष स्वतःच मागे घेतले. परक्या भाषेत वाढलेल्या माणसाची परीक्षा आपल्या भाषेत घ्यायची आणि तिला बुद्धीची परीक्षा म्हणायचे, यातली खोट त्याला उमगली. त्या ‘सॅट’मधून विरुद्धार्थी शब्द १९९४ साली गेले आणि समसंबंध २००५ साली.

आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडकडे राहून बिनेच्या चाचण्या मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बसवल्या; त्यांचा ग्रंथ १९४० साली निघाला. नुसते भाषांतर करून भागत नाही, मुलाच्या घरची भाषा आणि त्याचे जग धरून प्रश्न घालावे लागतात, हे अशा कामातूनच कळते. १९५४-५५ पासून राज्यात चौथी-सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षा सुरू झाल्या. २३ जून १९६१ रोजी साताऱ्याला देशातली पहिली सैनिक शाळा निघाली. अलीकडच्या वर्षांत या शाळांच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेत ३०० पैकी ५० गुण बुद्धिमत्तेच्या २५ प्रश्नांना ठेवलेले दिसतात. भिवंडीच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की सहावीची ही प्रश्नपत्रिका मराठीत मिळते, तशी उर्दूत आणि तेलुगूतही मिळते. ज्या गावात या तिन्ही भाषांची घरे एकाच गल्लीत सापडतात, तिथे ही सोय लहान नव्हे.

आता रीत सांगतो. समसंबंध आला की पहिल्या दोन शब्दांचे वाक्य करा. ‘माळी बागेत काम करतो.’ तेच वाक्य दुसऱ्या जोडीला लावा : ‘शेतकरी शेतात काम करतो.’ उत्तर शेत. पुष्कळ मुले घाईने ‘धान्य’ लिहितात, कारण शेतकरी म्हटले की धान्य डोळ्यांपुढे येते. पण ते वाक्यात बसत नाही. मघाचाच प्रश्न घ्या. शिंप्यापुढे सुई आणि कात्री दोन्ही पर्याय असले तर? ‘सुतार करवत वापरतो’ हे वाक्य सैल झाले. ‘सुतार करवतीने कापतो’ असे घट्ट करा, म्हणजे कात्री आपोआप हाती येते. क्रमही सांभाळा. सूत : कापड याला ऊस : गूळ चालेल, गूळ : ऊस चालणार नाही.

विरुद्धार्थी शब्दांत निराळी मेख आहे. पुढे ‘अ’ लावला की उलटा शब्द झाला, असे मुलांना वाटते. ‘न्याय’चे ‘अन्याय’ होते खरे. पण ‘अमूल्य’ म्हणजे कवडीमोल नव्हे, ज्याचे मोल करता येत नाही असे. दुसरे असे की, एकाच शब्दाला जागेप्रमाणे निरनिराळे विरोधी शब्द असतात. कच्चा रस्ता – पक्का रस्ता, कच्चा आंबा – पिकलेला आंबा, कच्चे अन्न – शिजलेले अन्न. कोऱ्या कागदाच्या उलट लिहिलेला कागद, कोऱ्या कापडाच्या उलट धुतलेले कापड. म्हणून एकट्या शब्दाची यादी पाठ करू नये. शब्द वाक्यात घालून मग त्याची जोडी लावावी.

आणि इथेच भिवंडीचे पोर कोणाला हार जाणारे नाही. ताणा उभा, बाणा आडवा. विणकराला धोटा, तशी शिंप्याला सुई. रंग कच्चा की पक्का, सूत जाड की बारीक, हे सारे त्याने अंगणात खेळता खेळता शिकलेले असते. छापील पुस्तकातले ‘सधन – निर्धन’ त्याला अडेल, पण दोन वस्तूंतले नाते हेरण्याची सवय त्याला आहेच. अडते ते शब्दापाशी. आणि शब्द काही जन्मतः मिळत नाहीत. ते ऐकून, वाचून, बोलून मिळतात. ज्या घरात वर्तमानपत्र येते तिथे ते लवकर मिळतात, जिथे येत नाही तिथे उशिरा, इतकाच फरक.

तेव्हा पालकहो, एवढे करा. पाळीवरून घरी आलात की भाकरी खाता खाता पोराला रोज पाच जोड्या विचारा. दोन पुस्तकातल्या असोत, तीन आपल्या कामातल्या. वाक्य त्याला करू द्या. चुकले तर ‘तुला अक्कल नाही’ असे म्हणू नका. ‘हा शब्द तुला अजून भेटला नव्हता’ असे म्हणा. कारण खरे तेच आहे. आणि शिक्षकहो, आपण सरावाचे प्रश्न काढाल, तेव्हा त्यात एखादा धोटा, एखादी कांडी येऊ द्या. जागा थोड्या असतात, सगळ्यांनाच त्या मिळणार नाहीत. पण परीक्षेला बसताना आपल्या घरचे शब्दही उत्तरपत्रिकेच्या योग्यतेचे आहेत, एवढे पोराला कळले, तरी दाराशी उभे राहताना त्याची मान ताठ राहील.