उपद्रवी जीव आणि घरचे काडतूस

'काडतूस' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला, एवढे वर्गात सांगून आम्ही नेहमी पुढे सरकत असू. शब्दामागच्या वस्तूकडे आमचे लक्ष गेले ते उशिरा, आणि तेही आणखी एका शब्दामुळे. घरी काडतुसे भरण्याचा एक जुना छंद अमेरिकेत आहे. त्याच्या इतिहासात 'व्हार्मिंट' हा शब्द पदोपदी भेटतो.

व्हार्मिंट हे 'व्हर्मिन'चे बोलीरूप. मुळाशी लॅटिनमधला कृमिवाचक शब्द आहे. कुरणात बिळे करणारा वुडचक, त्याचा पश्चिमेकडील डोंगरांतला भाऊबंद रॉकचक, प्रेअरी डॉग, कायोटी हे सारे या एका नावाखाली गोळा झाले. ही यादी प्राणिशास्त्राची नव्हे, शेतकऱ्याच्या तक्रारींची आहे. तक्रार खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. रानडुकरांनी लोळवलेले उभे पीक ज्याने पाहिले आहे, त्या विदर्भातल्या शेतकऱ्याला ती समजावून सांगावी लागणार नाही. मात्र हरणाच्या शिकारीला हंगामाचे आणि संख्येचे जे बंधन असते, ते या नावाच्या प्राण्यांच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी आले नाही.

असा प्राणी लहान, सावध आणि दूरवर बसलेला. त्याच्यासाठी हलकी, अतिवेगवान आणि नेमकी गोळी हवी. विसाव्या शतकाच्या आरंभी तशी तयार काडतुसे बाजारात फारशी नव्हती. मग हौशी माणसांनी ती स्वतःच करायला घेतली. काडतुसात पुंगळी, प्राइमर, दारू आणि गोळी असे चार घटक. पैकी पितळी पुंगळी महागडी, आणि बार उडाल्यावर तीच तेवढी हाती उरते. ती जपून पुन्हा भरायची, या काटकसरीवर हा छंद पोसला. मोजमाप ग्रेनमध्ये. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा. आपल्या सोनाराची गुंज आठवावी. एका ग्रॅममध्ये सुमारे साडेपंधरा ग्रेन बसतात, आणि ही मंडळी दाण्याच्याही दशांशाची नोंद वहीत ठेवत.

१९२० च्या दशकात स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारातील टाउनसेंड व्हेलन आदी मंडळींनी १८८५ चे एक मवाळ .२२ काडतूस घेऊन त्याचे 'हॉर्नेट', म्हणजे गांधीलमाशी, केले. विंचेस्टर कंपनीने १९३० मध्ये हे काडतूस विकायला काढले, तेव्हा त्यासाठी कारखान्यात बनलेली रायफलच नव्हती. बाण आधी, धनुष्य नंतर!

कारखान्याच्या यादीत नसलेल्या अशा घरगुती काडतुसाला 'वाइल्डकॅट' म्हणतात. १९१५ च्या .२५० सॅव्हेजची मान आवळून केलेले .२२-२५० अनेक वर्षे केवळ हौशी लोकांच्या मेजांवर जगले. रेमिंग्टनने ते स्वीकारले १९६५ मध्ये. जात्यावरची ओवी छापली जाण्याआधी पिढ्यान्‌पिढ्या गायिली गेली, तसाच काहीसा हा प्रकार. श्रेय कोणा एकाचे, हे ठरवणे तितकेच अवघड.

दुसऱ्या महायुद्धात गोळ्यांची टंचाई झाली. १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावच्या फ्रेड हंटिंग्टन यांनी वापरलेल्या .२२ पुंगळ्या दाबून त्यांचीच गोळीची कवचे करणारा साचा बनवला. रॉकचक मारण्यासाठीचा म्हणून त्याचे नाव 'रॉक चक बुलेट स्वेज'. त्यांच्या कंपनीच्या 'आरसीबीएस' या आद्याक्षरांत तो डोंगरी जीव अजून दडलेला आहे. ज्याला मारायचे त्याचेच नाव उद्योगाला द्यावे, यात कोणाला काही वावगे वाटले नसावे.

१९५० मध्ये रेमिंग्टनचे अभियंता माइक वॉकर यांनी .२२२ हे काडतूस आणले. अचूकतेसाठी नेमबाजांनी ते डोक्यावर घेतले. त्याच दशकाच्या अखेरीस लष्कराला हलकी रायफल हवी झाली, तेव्हा याच .२२२ ची पुंगळी थोडी लांबवण्यात आली. एम-१६ या रायफलीबरोबर ते नवे काडतूस व्हिएतनामला गेले, पुढे ५.५६ मिलिमीटर या मापाने ते अनेक सैन्यांत रूढ झाले. १९९९ च्या कारगिल युद्धात आपल्या जवानांच्या हाती असलेली इन्सास रायफलही याच मापाची. नागरी बाजारात त्याचे जवळजवळ तंतोतंत जुळे भावंड .२२३ रेमिंग्टन या नावाने विकले जाते, आणि प्रेअरी डॉगवर ते आजही झाडले जाते.