हवेचा दाब आणि मोटारीचा श्वास

लडाखमधील खारदुंग ला ही खिंड समुद्रसपाटीपासून ५,३५९ मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरील दाबाच्या जवळपास निम्मा असतो. कार्ब्युरेटरच्या काळात अशा चढावर मोटारी धापा टाकत आणि काळा धूर सोडत. हवा विरळ झाली तरी कार्ब्युरेटर त्या प्रमाणात पेट्रोल कमी करू शकत नसे. जादा इंधन अर्धवट जळे.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे प्रश्न हवेच्या आकारमानाचा नव्हे, वस्तुमानाचा आहे. पण धावत्या इंजिनात शिरणारी हवा तोलायची कशी?

याचे एक उत्तर दाबात होते. उंचीबरोबर हवेचा दाब घटतो, हे पास्कालच्या सूचनेवरून १६४८ मध्ये फ्रान्समधील प्वी द दोम या डोंगरावर पाऱ्याच्या नळीने सिद्ध झाले होते. १९६७ मध्ये बॉश कंपनीची ‘डी-जेट्रॉनिक’ प्रणाली फोक्सवागन १६०० या मोटारीत आली. यातील ‘डी’ म्हणजे ‘ड्रुक’, जर्मन भाषेत दाब. इनटेक मॅनिफोल्डमधील दाबानुसार धातूची निर्वात डबी आकुंचन-प्रसरण पावे आणि त्यावरून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, हे ठरे.

ताण पडल्यास सिलिकॉनचा विद्युतरोध लक्षणीय बदलतो, हे चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ मध्येच दाखवले होते. या गुणधर्मामुळे पुढे डबीची जागा सिलिकॉनच्या पातळ पडद्याने घेतली. दाब, हवेचे तापमान आणि इंजिनाचे फेरे यांवरून संगणक आता हवेचे वस्तुमान काढतो.

भारतात या तंत्राला वेग आला तो दिल्लीच्या दूषित हवेमुळे. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी क्षेत्रातील नव्या खासगी मोटारींसाठी १ जून १९९९ पासून युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ निकष बंधनकारक केले. कार्ब्युरेटरला ही मर्यादा पाळणे अवघड होते. त्याची जागा इंधन इंजेक्शनने घेतली. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ निकष लागू झाल्यावर दुचाकींचे कार्ब्युरेटरही मागे पडले.

खारदुंग लावर इंजिनाची शक्ती आजही घटते, कारण संवेदक प्राणवायू निर्माण करीत नाही. तो केवळ उपलब्ध हवेचा अंदाज देतो. पण तेवढ्याने वाया जाणारे पेट्रोल वाचते आणि धूर कमी होतो.