रंगमंचावरचे बाबासाहेब आणि भंडाऱ्याची निवडणूक



दरवर्षी १४ एप्रिलला आपल्या वस्तीतली पोरं नाटिका बसवतात. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक, एक बोट वर. एवढं दिसलं की टाळ्या सुरू! हे रूप एकाएकी घडलेले नाही, त्यामागे जलशाचा मोठा इतिहास आहे.

सत्यशोधक जलशाच्या वाटेनेच आंबेडकरी जलसा आला. भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी तो गावोगाव नेला. ढोलकी तमाशाचीच, पण विषय शाळेचा, पाण्याचा, सावकाराचा. तेव्हा बाबासाहेब हयात होते. जलसा ऐकायचा आणि सभेला जायचे, असा तो काळ. ६ डिसेंबर १९५६ नंतर मात्र माणूस गेला आणि भूमिका उरली.

रंगमंचाला वेळ कमी असतो. म्हणून मी पाहिलेल्या नाटिकांत चवदार तळ्याचे पाणी प्यायले की लगेच मनुस्मृती पेटते. खरे पाहता तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा आणि दहन २५ डिसेंबरचे. मधे नऊ महिने गेले. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर सहस्रबुद्धे तर नाटकात कुठेच नसतात. नायक एकटा उभा केला की गर्दी पुसली जाते, आणि त्या गर्दीतच आपले आजे-पणजे होते ना!

प्रेमानंद गज्वींनी १९९७ साली 'गांधी-आंबेडकर' लिहिले. त्यात दोघेही वाद घालतात, सोबत विदूषक आहे. असे नाटक मला जास्त पटते, कारण त्यातला माणूस बोलतो, नुसता पुतळ्यासारखा उभा राहत नाही.

आता आपल्या जिल्ह्याचे बोलू. १९५२ ला मुंबईत हरल्यावर बाबासाहेब १९५४ मधे भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले. मतदारसंघ दोन जागांचा होता. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागा मात्र काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी घेतली आणि बाबासाहेब हरले. घटना लिहिणारा माणूस आपल्याच जिल्ह्यात हरला! आपल्या झाडीपट्टीत रात्र-रात्र नाटकं चालतात, पण हा प्रवेश मी एकदाही पाहिला नाही. पराभवाला टाळ्या पडत नाहीत, दुसरं काय?

ज्यांच्या घरी त्या प्रचाराच्या आठवणी आजी-आजोबांकडून आल्या असतील, त्यांनी त्या विहारात लिहून द्याव्या. पुढच्या जयंतीला हाच प्रवेश बसवू. बाबासाहेब हरलेले दाखवायचे की नाही, यावर वाद होईल. होऊ द्या.