गुराख्याचे घर

आपल्याकडील कित्येक घरांत दिनदर्शिकेवरचे विलायती खेडे भिंतीवर दिसते. गवताने शाकारलेले घर, मागे झाडी, वर सांजावलेले आकाश. या चित्रपरंपरेत सॅम्युएल पामर (१८०५-१८८१) या इंग्रज चित्रकाराला मानाचे स्थान आहे. त्याचे ‘गुराख्याचे घर’ हे १८५० सालचे चित्र जेमतेम तळहाताएवढे आहे. झाडांआडून सूर्य मावळतो आहे, दिवसभराचे काम संपले आहे आणि गुरे परतत आहेत.

हे चित्र कुंचल्याने रंगविलेले नाही. ते एचिंग, म्हणजेच अम्लरेखन होय. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप देऊन सुईने त्यावर रेखाटन करतात व पत्रा आम्लात ठेवतात. उघड्या पडलेल्या रेषा आम्ल कोरून काढते. मग त्या रेषांत शाई भरून ओलसर कागदावर ठसा घेतात. या कलेत प्रकाश रेखाटता येत नाही. सुईची प्रत्येक रेघ काळोखातच भर घालते. उजेड म्हणजे शाईने न स्पर्शिलेला कागद. पामरने दाट रेघांच्या जाळ्यात असे पांढरे ठिपके चिकाटीने राखले. त्यांतूनच त्याची संध्याकाळ उजळते. उभ्या आयुष्यात त्याने अशी १३ चित्रेच पूर्ण केली, यावरून या कामाला लागणारे कष्ट ध्यानी यावेत.

तारुण्यात पामर केंट परगण्यातील शोरहॅम या खेड्यात राहिला होता. कारखान्यांच्या धुरापासून दूर असलेले ते खोरे त्याला नंदनवन वाटे. परंतु त्याच केंटमध्ये १८३० साली शेतमजुरांनी मळणीयंत्रे फोडली, गवताच्या गंजी पेटविल्या. हिवाळ्यातील हातमळणी हा मजुरांचा आधार होता व यंत्रांनी तो हिरावून घेतला होता. दंगे दक्षिण इंग्लंडभर पसरले. अखेर १९ जणांना फाशी झाली व सुमारे ५०० जणांना ऑस्ट्रेलियाकडे हद्दपार करण्यात आले. पामरची सहानुभूती मात्र जुन्या व्यवस्थेकडे होती. १८३२ साली त्याने मतदारांसाठी पत्रक काढून राजकीय सुधारणांना विरोध केला.

मग हे चित्र खोटे मानावे काय? मला तसे वाटत नाही. १८४७ साली पामरची तीन वर्षांची मुलगी दगावली होती. ‘गुराख्याचे घर’ त्याने लंडनमध्ये राहत असताना घडविले, शोरहॅम सोडल्यावर कित्येक वर्षांनी. म्हणजे ते घर डोळ्यांसमोरचे नसून दुरावलेले आहे. ती ओढ खरी आहे, आणि गंजी पेटविणाऱ्यांची भूकही तितकीच खरी आहे. एकीसाठी दुसरी पुसून टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही.

त्या संध्याकाळी गुराख्याच्या घरी चूल पेटली की नाही, हे चित्र सांगत नाही. तो प्रश्न चित्र पाहणाऱ्याने विचारायचा असतो.