थर्मामीटरवरच्या बाणाची कुळकथा

किनाऱ्यावर खाडीचं वारं खाऊन आलेल्या माणसाच्या कपाळावर २०२० साली 'टेम्परेचर गन' रोखली की आकडा यायचा ९५, कधी ९४ सुद्धा. त्या यंत्राला कपाळाची कातडी तेवढी कळते. वाऱ्याने, घामाने ती निवते, म्हणून आकडा कमी येतो. पण कमी म्हणजे कशापेक्षा कमी?

आपल्याकडच्या पाऱ्याच्या थर्मामीटरवर बाण असायचा ९८.४ वर. अमेरिकी पुस्तकांत मात्र ९८.६. या दोन दशांशांनी मला झपाटलं.

फॅरनहाइटची पट्टी १७२४ ची, इंग्रज डॉक्टर ऑलबटचा सहा इंची थर्मामीटर १८६६-६७ चा. खरा घोळ लाइपझिगचा डॉक्टर कार्ल वुंडरलिश याचा. सुमारे २५,००० रुग्णांच्या काखेत फूटभर लांबीची नळी धरून त्याने १८६८ साली निरोगी अंगाचा आकडा दिला: ३७ सेल्सिअस. चांगला पूर्णांकी आकडा. त्याचं फॅरनहाइट केलं की ९८.६. तो '.६' कुणी मोजलेला नाही, गुणाकारातून पडला!

९८.४ चा बाण इंग्रजी थर्मामीटरांबरोबर इथे आला. कुणी म्हणेल, ढोबळपणाने सरकवला असेल. मला पटत नाही. पट्टीवर दर दोन दशांशांना रेघ असते, ९८.६ लाही स्वतःची रेघ होती. माझा कयास असा, की इंग्रज डॉक्टरांनी जर्मन आकड्यापेक्षा आपल्या रुग्णांवर भरवसा ठेवला.

पुढे १९९२ साली अमेरिकी डॉक्टर मॅकोविआक यांनी १४८ निरोगी माणसं मोजली; सरासरी ९८.२. फिलाडेल्फियाच्या संग्रहालयातला वुंडरलिशचा म्हणून जपलेला थर्मामीटर तर दीड-दोन सेल्सिअस जास्त दाखवत होता. मग दोष नळीचाच? २०२० च्या स्टॅनफर्डच्या अभ्यासाने वेगळं मांडलं: माणूसच दर जन्मदशकाला ०.०३ सेल्सिअसने निवतोय, कारण बहुधा क्षय, हिरड्यांचे रोग असे अंगात मुरलेले दाह कमी झाले. मला हेच बळकट वाटतं. त्याच अभ्यासातल्या, अमेरिकी यादवीतल्या सैनिकांच्या जुन्याच नळ्यांनी घेतलेल्या नोंदींतही जन्मदशकागणिक उतार दिसतो. तो सगळा नळीच्या माथी कसा मारणार?

म्हणून पहाटे काखेत ९७ आलं तर ती बहुधा तुमची नेहमीचीच ऊब. मात्र नीट लावलेला थर्मामीटर ९५ च्या खाली जात असेल आणि माणूस गार, सुस्त, बरळणारा असेल, त्यातही म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल, तर पुन्हा मोजत बसू नये, त्याला पांघरुणात गुंडाळून थेट दवाखाना गाठावा.