खडकावरचे दूरचे आप्त

शाळेच्या शास्त्रपुस्तकांत प्राण्यांचें वर्गीकरण पाठ करतांना ‘हर्डमानिया’ हें नांव आपल्या घरांतील मुलांनीं अनेकदां घोकलें असेल. हा जीव कोठें राहतो असें विचारल्यास ‘समुद्रांत’ एवढें उत्तर पुरतें. त्याचे भाऊबंद अंधेरीपासून दोनचार मैलांवर, जुहूच्या खडकांवर पाहावयास मिळतात, हें मात्र त्यांना सहसा कोणी सांगत नाहीं.

या वर्गाला अ‍ॅसिडिअन म्हणतात. इंग्रजींतील लौकिक नांवाचा अर्थ समुद्री पिचकारी. कारण बोट लागतांच हा प्राणी अंग आखडून पाण्याची चिळकांडी उडवितो. एका छिद्रानें पाणी आंत घ्यावें, त्यांतील सूक्ष्म अन्न गाळावें व दुसऱ्या छिद्रानें तें सोडावें, एवढाच त्याचा संसार. अ‍ॅरिस्टॉटलनें त्याचें वर्णन केलें आहे. पुढें पंडितांनीं त्याला दीर्घकाळ शिंपल्यांच्या पंक्तीस बसविलें. १८१६ सालीं लामार्कनें चिवट आवरणावरून त्याचा निराळा गट केला, तरी खरा उलगडा १८६६ सालीं झाला. अलेक्झांडर कोवालेव्हस्की या रशियन संशोधकानें त्याचें पिल्लू तपासलें, तों बेडकाच्या पिल्लासारखें शेपूट आणि शेपटांत पृष्ठरज्जू! म्हणजे हा शिंपल्याचा नव्हे, आपलाच दूरचा आप्त. डार्विननें १८७१ सालच्या मानवाच्या उत्पत्तीवरील ग्रंथांत या शोधाची दखल घेतली. हें पिल्लू थोडा काळ पोहतें, डोकें टेकून खडकाला चिकटतें आणि मग शेपूट, पृष्ठरज्जू, मज्जेचाहि बराच भाग जिरवून टाकतें. (जागा कायम होतांच असें करणारे आमच्या शिक्षकी पेशांतहि पाहिले आहेत.) हिंदुस्थानांत एस. एम. दास यांचा हर्डमानियावरील प्रबंध १९३६ सालीं निघाला.

बरणींतून किनाऱ्यावर येण्यास मुंबईकरांना पुष्कळ काळ लागला. २०१७ सालीं प्रदीप पाताडे व त्यांचे सहकारी यांनीं ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम सुरू केला, आणि ओहोटीच्या वेळीं साधीं माणसें छायाचित्रें घेऊं लागलीं.

यांत कौशल्य आहे. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, ही किनाऱ्यावरील जुनी रीत; तींत सहा तास मिळवावे. अमावास्या-पौर्णिमेस पाणी फार दूर जातें, तें सुमारें सकाळीं व सायंकाळीं सहास. दगडाच्या सांवलींतील बाजूस रंगीत, गुळगुळीत साय धरल्यासारखी दिसते. ती स्पंज कीं अ‍ॅसिडिअन? स्पर्शानें छिद्रें चट्कन मिटलीं तर अ‍ॅसिडिअन समजावा. पण छायाचित्र आधीं, बोट मागाहून. मिटलेल्या छिद्रांवरून ओळख पटत नाहीं. कोरड्यावर त्याचें अंग बसकें होतें, म्हणून डबक्यांतील स्थिर पाण्यांतूनच, आकाशाची झांक टाळून, तिरकें चित्र घ्यावें. उचललेला दगड पुनः होता तसा ठेवावा. नाहीं तर खालचें सारें बिऱ्हाड उन्हानें मरतें. इतकें करूनहि पुष्कळ जाती आंतील रचना पाहिल्याविना ठरत नाहींत.

मग हा खटाटोप कशाला? २०१८ सालीं दक्षिण मुंबईंत सागरी किनारा रस्त्याचें काम सुरू झालें व किनाऱ्याचे भाग भरावाखालीं गेले. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचें संरक्षण असल्यानें हाजीअली व वरळी येथील वसाहती २०२० सालीं हलविण्यांत आल्या. शेजारच्या खडकांवर आणखी काय होतें, हें आज तारीखवार छायाचित्रांवरूनच सांगतां येतें. आतां वर्सोवा-वांद्रे सागरी सेतूचें काम उपनगरासमोर चालू आहे, आणि पुढच्या पौर्णिमेला जुहूचे खडक सहाच्या सुमारास उघडे पडतील.